कान्हेरीत 'नुसत्या खोल्याच आहेत' म्हणणाऱ्यांसाठी

डोंगरउतार (धागाकर्ता)

मुंबईजवळच्या लेण्यांवर एक धागा चालू होता, त्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांचा विषय निघाला. तिथे कुणीतरी सल्ला दिला की अजिंठा-वेरूळ झालं असेल तर कान्हेरीला वेळ घालवू नका, नुसत्या खोल्याच खोल्या आहेत. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

खोल्या आहेत हे खरंच. शंभराहून जास्त लेणी आहेत आणि त्यातली बहुतेक राहायची. माझं म्हणणं एवढंच की कान्हेरीला त्या खोल्यांसाठीच जावं. साधारण इ.स.पू. पहिल्या शतकात इथे खोदकाम सुरू झालं आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत राबता राहिला. हजार वर्षं एकाच डोंगरावर माणसं राहिली. ती पाणी कुठलं प्यायली, कुठे टेकली, त्यांचा खर्च कुणी केला, गेल्यावर त्यांच्या अस्थी कुठे ठेवल्या, हे सगळं जागेवर बघता येतं. एवढं सगळं एका ठिकाणी दाखवणारी जागा माझ्या तरी पाहण्यात दुसरी नाही.

सुरुवात पाण्यापासून करा. कुठल्याही लहान विहारासमोर (भिक्खूंच्या राहायच्या लेण्यासमोर) उभे राहा. चार-दोन पायऱ्या, छोटं अंगण, ओसरी, ओसरीला दगडातच कोरलेला बाक, आत एखादी खोली आणि तिच्यात झोपायचा ओटा. अंगणाच्या एका कडेला खाली चौकोनी तोंड दिसेल, ती पोढी. म्हणजे पाण्याचं टाकं. बघताना सगळे तिच्यात डोकावतात, कुणीतरी हमखास खडा टाकतं आणि पुढे जातात. त्याऐवजी मान वर करून लेण्याच्या माथ्यावरचा कातळ बघा. पाण्याच्या वाटा कोरलेल्या दिसतील. दर्शनी भागावर पाणी ओघळू नये आणि वाहून जाणारं पाणी टाक्यात उतरावं, ही दोन्ही कामं त्या पन्हळी करतात. कोकणातला पाऊस चार महिने कोसळणार आणि पुढचे आठ महिने तोंड दाखवणार नाही. अशा उघड्या कातळावर वर्षभर वस्ती ठेवायची तर टाकं आधी आणि मूर्ती नंतर.

पाण्याला किती मान होता हे शिलालेखांवरून कळतं. पोढी हे स्वतंत्र दान होतं. कल्याणचा सोनार सामिदत्त याने पोढी दिली, तसा लेख आहे. पाच नंबरच्या लेण्याजवळच्या पोढीचा लेख तर राजघराण्यातला आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही महाक्षत्रपाची (पश्चिमेकडच्या शक राजाची) मुलगी होती असं त्यात म्हटलंय आणि पोढीचं दान सतेरक नावाच्या अमात्याचं आहे. लेख फुटलाय, महाक्षत्रपाच्या नावातलं 'रु' तेवढं उरलंय. तो रुद्रदामन असं अभ्यासक धरतात. जुनागढच्या लेखात (इ.स. १५० च्या सुमाराचा) हाच रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून मुळासकट उखडलं नाही. दोन राजघराण्यांतली सोयरीक आणि भांडण समजून घ्यायला आपल्याला बोरिवलीच्या जंगलातल्या एका टाक्यापर्यंत यावं लागतं, हे मला फार आवडतं.

पैशाची व्यवस्थाही बघण्यासारखी होती. 'अखयनिवि' म्हणजे मोडायची नाही अशी ठेव. मूळ रकमेला किंवा जमिनीला हात लावायचा नाही, उत्पन्नातून भिक्खूंचा खर्च भागवायचा. एका लेखात शेत दान दिलंय आणि त्या उत्पन्नातून वर्षावासातल्या (पावसाळ्यात एका जागी मुक्काम करणाऱ्या) भिक्खूला चीवरासाठी (अंगावरच्या वस्त्रासाठी) सोळा कार्षापण (त्या काळची नाणी), शिवाय वहाणांसाठी वेगळे, असा हिशोब घातलाय. ते शेत मंगलथान गावचं. म्हणजे आपलं मागाठाणे. आज तिथे बस डेपो आणि मेट्रो स्टेशन आहे.

कलेबद्दल मुद्दाम लिहिलं नाही. जाणकारांनी भर घालावी.

उकिडवा

वाखुसा (वाचनखूण साठवली). सावकाश वाचतो.

छिन्नीहातोडा

लेख आवडला, पण 'टाकं आधी आणि मूर्ती नंतर' ही जरा हौस झाली. भर घालावी म्हणालात, घालतो.

तीन नंबरचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं पूजेचं दालन घ्या. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं, इ.स. १७० च्या आसपासचं. गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी भावांनी ते कोरवलं, आणि भद्रायणीय पंथाच्या भिक्खूंना दिलं. नमुना उघडच कार्ल्याचा आहे. आत ३४ खांब. त्यातल्या एका बाजूच्या ११ आणि दुसऱ्या बाजूच्या ६ खांबांनाच कार्ल्यासारखे कुंभ आणि शीर्षं आहेत, बाकीचे साधे अष्टकोनी ठेवलेत. पैसा संपला, काळ बदलला की कारागीर पांगले, काहीही असो, पण अर्धवट थांबलेलं काम इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचित दिसतं. कोरलेली शीर्षं नीट बघा. हत्ती सोंडेत घडे धरून पूजेच्या वस्तूवर पाणी घालताहेत. लोक आत शिरतात, स्तूपासमोर फोटो काढतात आणि परततात. वर कोण बघतो?

दर्शनी भिंतीवरची दाम्पत्यं हे माझ्या मते कान्हेरीतलं सर्वांत जुनं उत्तम शिल्प. भरदार अंग, जड दागिने, डोक्यावरची पागोटी. ती देवांची नाहीत. देणगीदारांची असावीत असं काही जण म्हणतात, काही जण नुसती मंगल मिथुनं मानतात. मला तरी ती कल्याण-सोपाऱ्याच्या पेठेतली खाऊनपिऊन सुखी माणसं वाटतात. ओसरीच्या दोन टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे दोन उभे बुद्ध आहेत, ते मात्र तीनेकशे वर्षांनी, पाचव्या-सहाव्या शतकात कोरलेले. एकाच ओसरीत दोन युगं आहेत हे माहीत नसेल तर सगळं एकाच ठशाचं वाटतं, आणि मग 'शिल्पं काही खास नाहीत' असा शेरा मिळतो.

दगडाचाही विचार करा. अजिंठ्याचा बसाल्ट एकजिनसी आहे, कान्हेरीचा खडक ज्वालामुखीचे तुकडे एकत्र जमून झालेला, खडबडीत. त्यात बारीक नक्षी टिकत नाही. इथल्या शिल्पकाराने मोठा आकार आणि ठसठशीत उठाव पसंत केला, त्यामागे हे एक कारण नक्की असणार.

तिखटमीठ

मस्त चर्चा. एक शंका. कान्हेरीत विद्यापीठ होतं ना? नालंदेच्याही आधीचं, अशी पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतेय. आमच्या काकांनी तर दोनदा पाठवली.

डोंगरउतार

@छिन्नीहातोडा, कार्ल्याचं आणि खडकाचं पटलं. मूर्ती नंतर हे मी क्रमाबद्दल म्हणत होतो, योग्यतेबद्दल नव्हे.

@तिखटमीठ, काकांना नाराज करायचं नाही, पण 'विद्यापीठ' हा आपल्या काळातला चष्मा आहे. पुरावा काय आहे तेवढं बघू. नवव्या शतकातले राष्ट्रकूट अमोघवर्षाचे आणि त्याच्या शिलाहार मांडलिकांचे तीन लेख इथे आहेत. त्यांत द्रम्म या नाण्यांत देणग्या आहेत. कशासाठी, तर पूजेला, विहाराच्या डागडुजीला, चीवरांना आणि पुस्तकांना. गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने शंभर द्रम्म ठेवले. म्हणजे अभ्यास होता, पुस्तकं होती, आणि बंगालपासून कोकणापर्यंत लोक येत-जात होते. पुढे तिबेटला गेलेले बंगालचे बौद्ध आचार्य अतिश दीपंकर तरुणपणी कृष्णगिरीला राहुलगुप्तांकडे शिकले अशी तिबेटी परंपरा आहे, आणि कृष्णगिरी म्हणजे कान्हेरी असं बरेच जण मानतात. एवढ्यावर 'अध्ययनाचं मोठं केंद्र' म्हणायला हरकत नाही. 'नालंदेच्या आधीचं विद्यापीठ' म्हणायला मात्र प्रवेश, आचार्य, शाखा अशा कशाचा तरी पुरावा लागेल.

कट्टेकरी

मग अकरा नंबरचं काय? 'दरबार' म्हणतात ते. लांबच लांब दालन आणि मधोमध दगडाची दोन बुटकी, लांबलचक बाकं. तिथे पोरं दोन्ही बाजूंना बसून पोथी वाचत असणार, हे सरळ दिसतंय. वर्गच की!

छिन्नीहातोडा

सरळ दिसतं म्हणून तसंच असेल असं नाही. वेरूळच्या पाच नंबरच्या लेण्यात अशीच बाकं आहेत. ती जेवायला की पाठाला, यावर वाद जुना आहे. बाकं इतकी बुटकी आहेत की मांडी घालून जमिनीवर बसलं तर ती टेबलासारखी वापरता येतील. म्हणजे ताटही ठेवता येईल आणि पोथीही. माझा कौल दोन्हींना. भिक्खूंना एकत्र जमायला मोठी जागा एकच असेल तर तिथे सकाळी पाठ आणि दुपारी भोजन, यात अडचण काय?

कट्टेकरी

म्हणजे आमच्या मंडळाचं सभागृह. सभा, लग्न, रक्तदान, सगळं तिथेच. पटलं.

बंदरकर

मला व्यापाराचा धागा ओढायचा आहे. देणगीदार कुठले आहेत बघा. कल्याण, सोपारा, चौल, नाशिक. कान्हेरीचा डोंगर एका बाजूला सोपारा आणि दुसऱ्या बाजूला ठाणे-कल्याणची खाडी यांच्या मधोमध बसलाय. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले, १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उघडला, हे सर्वांना माहीत आहेच. जंगलात एकांतात बसलेले भिक्खू हे चित्र अर्धंच खरं आहे. एकांत होता, पण बंदरापासून हाकेच्या अंतरावरचा.

याचा शिल्पातला पुरावा ९० नंबरच्या लेण्यात आहे. तिथे मधोमध अवलोकितेश्वर (करुणेचा बोधिसत्त्व) आणि दोन्ही बाजूंना छोट्या चौकटी. प्रत्येक चौकटीत कुणीतरी संकटात सापडलंय. आग, साप, सिंह, अंगावर आलेला हत्ती, तलवार उपसलेला माणूस, बेड्या, आणि बुडणारं जहाज. आठ महाभयांतून सोडवणारा अवलोकितेश्वर तो हाच. या यादीतली बरीचशी भयं तांड्याबरोबर किंवा गलबतातून फिरणाऱ्या माणसाची आहेत. सोपाऱ्याहून निघालेल्या एखाद्या नाखव्याच्या बायकोने त्या जहाजाच्या चौकटीपुढे किती वेळ हात जोडले असतील!

छिन्नीहातोडा

अगदी. आणि ९० मध्येच आणखी एक शिल्प बघायचं ते म्हणजे कमळावर बसलेला बुद्ध आणि त्या कमळाचा दांडा खालून धरणारे नाग. ४१ नंबरला अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर आहे, चार हातांचा. मुख्य डोक्यावर बाकीची दहा डोकी थरांनी रचलीत. तिबेट, चीन, जपानमध्ये हे रूप पुढे घरोघरी पोचलं, पण भारतातल्या लेण्यांत ते शोधायला गेलं तर बोट ठेवायला हीच जागा. आणि बिचारं लेणं इतकं वर, बाजूला आहे की बहुतेकांची पावलं तिथपर्यंत जातच नाहीत.

६७ मध्ये दीपंकर जातक आहे. एका तरुणाने दीपंकर बुद्धाच्या वाटेवर आपले केस अंथरले, आणि त्याला पुढे बुद्ध होशील असा वर मिळाला, ती कथा. ३४ च्या छतावर चित्रं आहेत, अर्धवट राहिलेली. अजिंठ्याची अपेक्षा ठेवून गेलात तर निराश व्हाल. पण रेषा कशी आखली आणि रंग भरायचा राहिला कुठे, हे अजिंठ्यात दिसत नाही, इथे दिसतं.

लिपीवेडी

उशिरा आले. धागाकर्त्यांनी अस्थींचा उल्लेख करून सोडून दिलाय, ते पुरं करते.

८७ नंबरच्या आसपास डोंगराच्या कडेला एक लांब सपाट पट्टा आहे. तिथे विटांचे छोटे छोटे स्तूप होते, शंभराच्या घरात. आता बहुतेकांचे पायथेच उरलेत. त्याला निर्वाणवीथी म्हणतात. इथे दिवंगत थेरांच्या (ज्येष्ठ भिक्खूंच्या) अस्थी ठेवल्या जात. डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांनी १९७० च्या दशकात इथले छोटे लेख वाचून प्रसिद्ध केले. प्रत्येक लेखात थेराचं नाव आणि त्याने साधनेत गाठलेली पायरी. कुणी अर्हत, कुणी त्रैविद्य, कुणी षडभिज्ञ. राजाच्या प्रशस्तीत जसे शत्रू आणि जिंकलेले देश मोजतात, तसं इथे काय मोजलंय ते बघा.

दुसरी गोष्ट १८३९ ची. जेम्स बर्ड या ब्रिटिश डॉक्टराने चैत्यगृहाजवळचा एक स्तूप उकरला. त्यात तांब्याचे दोन कलश आणि ताम्रपट निघाले. त्यावर त्रैकूटक राजवटीतलं २४५ वं वर्ष, म्हणजे इ.स. ४९४-९५. सिंधू देशातून आलेल्या बुद्धरुचीने बुद्धाचा शिष्य सारिपुत्त याच्या नावे चैत्य उभारला असं त्यात आहे. मूळ ताम्रपट पुढे गहाळ झाला, आपल्याकडे फक्त वाचन उरलं. जमिनीखाली सुमारे साडेतेराशे वर्षं सुरक्षित राहिलेली वस्तू आपण बाहेर काढली आणि शंभर वर्षंही सांभाळली नाही. यावर काय बोलणार.

अवांतर, पण बोलतेच : शिलालेखावर खडू फिरवून, पाणी मारून फोटो काढणारे महाभाग अजूनही भेटतात. अक्षर उठून दिसतं म्हणे. अक्षर झिजतं, बाबांनो. तिरपा उजेड पाडा, तेवढ्याने दिसतं.

डोंगरउतार

ताई, दंडवत. हा प्रतिसाद मूळ लेखातच जोडायला हवा.

लिपीवेडी

नका जोडू, असू दे इथेच. खाली आलेलं लोक जास्त वाचतात :)

जुनाबोरिवलीकर

आमच्या लहानपणी मोठी माणसं सांगायची की कान्हेरीत एक भुयार आहे ते थेट वसईला निघतं, आणि पांडवांनी ही लेणी एका रात्रीत खोदली. कोंबडा आरवला म्हणून एक अर्धवट राहिलं. खरं-खोटं त्या पांडवांना माहीत.

बंदरकर

काका, तुमच्या भुयाराला कागदोपत्री वंशावळ आहे! पोर्तुगीज इतिहासकार दिओगो द कोउतो याने भुयाराची गोष्ट लिहून ठेवलीय. त्याच्या मते ते गुजरातेतल्या खंबायतपर्यंत जात होतं आणि एक पाद्री त्यातून सात दिवस चालूनही शेवट सापडला नाही. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी खंबायत, तुमच्या लहानपणी वसई. भुयार आखडत चाललंय.

पोर्तुगीजांनी तीन नंबरच्या चैत्यगृहात काही काळ चर्च केलं होतं, सेंट मायकलच्या नावाने. तीच उंच कमान, तेच दोन्हीकडचे खांब, आतून बघितलं तर त्यांना परकं वाटलं नसावं.

जुनाबोरिवलीकर

हा हा. बरं, तुम्ही वर मागाठाण्याचं लिहिलंत म्हणून सांगतो. मागाठाण्यालाही बौद्ध लेणी आहेत, कितीजणांना माहीत? भोवती वस्ती इतकी दाटलीय की शेजारी राहणाऱ्यालाही पत्ता नसतो. आत राडारोडा, भिंतींना धूर. अनेकदा अर्ज झाले. संबंधित कार्यालयातून प्रत्येक वेळी 'कार्यवाही सुरू आहे' असं छापील उत्तर येतं. कान्हेरी जंगलात आहे म्हणून वाचली, हे लिहून ठेवा.

नवशिका

एक बाळबोध प्रश्न. शेवट कसा झाला? कुणी हल्ला वगैरे केला का?

लिपीवेडी

हल्ल्याची खूण कान्हेरीत दाखवता येत नाही. नवव्या शतकात देणग्या येत होत्या हे वर आलंच. त्यानंतर नवी लेणी, नवे लेख विरळ होत जातात. अकराव्या शतकातली एक गंमत मात्र आहे. ९० नंबरमध्येच पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीत कोरलेले लेख आहेत, इ.स. १००९ आणि १०२१ मधले. इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपापली नावं आणि तारीख लिहून ठेवलीय. म्हणजे त्या काळी ही जागा लांबून बघायला यावं अशी तर होती. आत भिक्खू किती उरले होते, ते त्यांनी लिहिलं नाही.

व्यापाऱ्यांचा पैसा दुसरीकडे वळला, राजाश्रय देवळांकडे गेला, बंदरं बदलली, अशी कारणं दिली जातात. मला ती एकत्रितच पटतात. हजार वर्षं चाललेली गोष्ट एका कारणाने सहसा बंद पडत नाही.

तिखटमीठ

म्हणजे 'अमुक इथे येऊन गेला' लिहायची सवय हजार वर्षं जुनी. आज कुणी लिहिलं तर आपण शिव्या घालतो.

लिपीवेडी

आणि घालायच्याच!

उकिडवा

आता सगळं वाचलं. पुढच्या रविवारी आईबाबांना घेऊन जायचा विचार आहे. बाबांचे गुडघे दुखतात. काय बघू, काय सोडू?

डोंगरउतार

रविवार चालेल, पण गर्दी असते. सोमवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेवा. उद्यानाच्या दरवाजापासून लेण्यांपर्यंतचा रस्ता लांब आहे, चालायच्या भानगडीत पडू नका, बसने जा.

बाबांसाठी १, २, ३ आणि ११ पुरे, हे सगळं खालच्या अंगाला आहे. १ नंबर अर्धवट राहिलेलं आहे (काकांचा कोंबडा तोच असावा), पण डोंगर बाहेरून आत कसा कोरत नेतात ते तिथे कळतं. ३ मध्ये छिन्नीहातोडांनी सांगितलेले खांब डावी-उजवी मोजून बघा. मग बाबांना ओसरीतल्या एखाद्या बाकावर बसवून तुम्ही ओढ्याच्या कडेने वर सुटा. ३४, ४१, ६७, ९० आणि मग निर्वाणवीथी. क्रमांक नेहमी ओळीने सापडत नाहीत, विचारत जा. वरच्या टप्प्यात सावली कमी, पाणी बरोबर ठेवा. खाण्याची पिशवी हातात दिसली की माकडं सोडत नाहीत, ती पाठीवरच्या पिशवीत आत असू द्या. पावसाळ्यात जाणार असाल तर कोरलेल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, बाबांना वर नेऊच नका. पण पन्हळी वाहताना आणि पोढ्या भरताना बघायच्या असतील तर वेळ तीच.

लिपीवेडी

छोटी बॅटरी न्या. ९० मधली पहलवी अक्षरं फार उथळ आहेत, बाजूने उजेड टाकल्याशिवाय भिंत कोरीच वाटते.